किल्ली कुणाकडे आहे?



मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जाबद्दल बोललो होतो. आजचा विषय गावच्या शाळेची सुरक्षा. हा विषय निघाला की कुणीतरी लगेच म्हणतं, वॉचमन नेमा. दुसरं म्हणतं, कॅमेरा बसवा. आम्ही गटातल्या बायाही तेच म्हणत होतो. एका शनिवारनंतर म्हणायचं बंद केलं.

गावाचं नाव सांगत नाही. त्या मुलीला पुढे तिथेच शिकायचं आहे, उगाच तिच्या मागे ही गोष्ट लागायला नको.

शाळा पहिली ते पाचवी, शिक्षक दोन, पट एक्केचाळीस. शिपाई नाही, जिल्हा परिषदेच्या लहान शाळांना तो नसतोच. पोषण आहार शिजवायला आमच्या गटातल्या दोघी. शनिवारी सकाळची शाळा. अकराला खिचडी खाऊन मुलं घरी गेली. आमच्या दोघींनी पातेली घासली, पालथी घातली आणि मागच्या वाटेने निघाल्या. सरांनी वर्गांना कड्या घातल्या, फाटकाला कुलूप लावलं आणि तालुक्याच्या गावी निघून गेले. कागदावर बघाल तर शाळा अगदी सुरक्षित. दारं बंद, फाटक बंद, कुलूप मजबूत.

पहिलीतली एक पोर आत होती. अंगात कणकण होती म्हणून वाचनकोपऱ्यात कपाटामागच्या सतरंजीवर झोपून गेली होती. आई कांद्याच्या लागवडीला गेलेली. तिला वाटलं, पोर आजीकडे. आजीला वाटलं, आईबरोबर रानात. साडेतीनच्या सुमाराला चेंडू आणायला भिंतीवरून उडी मारलेल्या एका मुलाला आतून रडणं ऐकू आलं.

मग धावपळ. एक किल्ली सरांकडे, ते वीस किलोमीटरवर. दुसरी ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे, तो लग्नाला गेलेला. खिडकीच्या गजातून पाण्याची बाटली दिली, बिस्किटं दिली. शेवटी कुलूप फोडलं. पोरीला ताप होता, घशातून आवाज निघत नव्हता. बाहेर आल्यावर तिने आधी आपल्या चपला मागितल्या.

सोमवारी सभा झाली. सभा कसली, भांडणच. सगळ्यांचा राग सरांवर. सर म्हणाले, वर्ग बाई बघतात. बाई म्हणाल्या, शनिवारी शेवटचा वर्ग सरांचा असतो. कुणीतरी म्हणालं, शेवटी स्वयंपाकवाल्या निघतात, त्यांनी बघायला नको? तेव्हा आमच्यातली एक उभी राहिली आणि म्हणाली, "मी बघितलं होतं. व्हरांड्यात दप्तर होतं. वाटलं, कुणीतरी विसरलं असेल. पाय लागेल म्हणून बाजूला सरकवून ठेवलं."

सभा गप्प झाली. आम्हीही. कारण ते दप्तर आमच्यापैकी कुणीही असंच सरकवून ठेवलं असतं. त्यात कुणी वाईट माणूस नव्हतं, कामचुकारही कुणी नव्हतं. शेवटी बघायचं कुणी, हे कधी ठरलेलंच नव्हतं. वॉचमन असता तर? तोही बाहेरून कुलूप लावून निघून गेला असता.

त्या आठवड्यात गटाच्या बैठकीत आम्ही हप्ते बाजूला ठेवले आणि वहीच्या मागच्या पानावर शाळेचा दिवस लिहून काढला. फाटक कोण उघडतं, पाणी कोण भरतं, गॅसची शेगडी कोण बंद करतं, लहान मुलांना शौचालयाकडे कोण नेतं, मधल्या सुट्टीत फाटकाकडे कुणाची नजर असते. जिथे नाव लिहिता आलं तिथे नाव, जिथे नाही तिथे रेघ. पान भरलं तेव्हा नावांपेक्षा रेघा जास्त होत्या.

मग किल्ल्या मोजल्या. फाटकाच्या किल्ल्या दोन आहेत असं सगळे समजत होते, निघाल्या चार. तिसरी तरुण मंडळाच्या एका पोराकडे, २६ जानेवारीला मांडव घालायला दिली होती ती तशीच राहिलेली. चौथी, दोन वर्षांपूर्वी शाळा रंगवून गेलेल्या ठेकेदाराकडे. दोन वर्षं एका परक्या माणसाच्या खिशात आपल्या शाळेची किल्ली होती आणि आपण कॅमेऱ्याचं बोलत होतो! नवं कुलूप आणलं, साडेतीनशे रुपयांचं. किल्ल्या तीन: एक सरांकडे, एक बाईंकडे, आणि एक फाटकासमोरच्या घरी, जिथे दिवसभर कुणीतरी म्हातारं माणूस असतंच. पाठीवर पांढऱ्या रंगाने एक, दोन, तीन घातलं. कुणाला द्यायची तर नाव लिहून, परत घ्यायची तर नाव खोडून.

शेवटच्या फेरीवरून मात्र बरीच घासाघीस झाली. आमचं म्हणणं, फेरी दोघांनी मारायची, एक शिक्षक आणि एक स्वयंपाकी. बाकाखाली, कपाटामागे, शौचालयात, स्वयंपाकघराच्या मागे बघायचं, प्रत्येक खोलीच्या दारातून मोठ्याने हाक मारायची आणि वहीत सही करायची. वही म्हटल्यावर बाई वैतागल्या. आहाराची वही, तांदळाची वही, हजेरी, मोबाइलवरची माहिती, आता ही आणखी एक? त्यांचं खोटं नव्हतं. दोन माणसं पाच वर्ग शिकवतात, त्यात वह्या भरून मेटाकुटीला येतात. आम्ही वही सोडून दिली. फाटकाच्या आत एक काळी फळी लावली. सकाळी हजेरी झाली की तिच्यावर आकडा लिहायचा, आज आत किती मुलं. सुटताना फाटकात मुलं मोजायची. आकडा जुळला की फेरी, फेरी झाली की आकडा पुसायचा, मग कुलूप. फळीवर आकडा तसाच दिसला की रस्त्याने जाणाऱ्यालाही कळतं, काहीतरी राहिलंय.

यात पैसे लागले नाहीत. सवय लागायला मात्र चार महिने गेले. पावसाळ्यात दोनदा फेरी चुकली, आम्हीच चुकवली, सर चिडले. चिडले ते बरं झालं.

आता दुसरी गोष्ट, ती जास्त अवघड आहे. मुलाला मधल्या वेळेत न्यायला कुणी आलं तर?

शहरात परक्या माणसाला फाटकावर अडवतात. आपल्याकडे परकं कोण? येणारा मामा असतो, चुलता असतो, नाहीतर वाडीतलाच कुणीतरी. त्याला "तुम्ही कोण?" म्हणून विचारायचं म्हणजे भांडणाला निमंत्रण. आम्ही ठरवलं की प्रत्येक मुलाच्या नावापुढे आई-वडिलांनी दोन नावं आणि फोन नंबर लिहून द्यायचे. या नावांबाहेरचं कुणी आलं तर आईला किंवा वडिलांना फोन लावायचा, बोलणं झाल्याशिवाय मूल सोडायचं नाही. माणूस कितीही ओळखीचा असो.

महिन्याभरातच एक मामा आले. "ताईला बरं नाही, पोराला घेऊन ये म्हणालीय." खरेच मामा, बाईंच्याही ओळखीचे. बाईंनी फोन लावला, रेंज नाही. पुन्हा लावला, उचलला नाही. मामा तापले. "मी काय पोरं पळवणारा वाटलो का?" बाई नव्या, वयाने लहान, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. तेवढ्यात आमच्यातल्या थोरल्या काकू ओल्या हाताने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दादा, बसा, पाणी घ्या. तुम्हाला नाही अडवलं. उद्या तुमच्या भाच्याला दुसरं कुणी न्यायला आलं, तर त्यालाही असंच थांबवायचंय." वीस मिनिटांनी फोन लागला, मामा मुलाला घेऊन गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते आमच्याशी नीट बोलत नव्हते. ठीक आहे. ही किंमत असतेच, ती आधीच धरून चालावी.

हे नियम केले तेव्हा आमच्या मनात एक गोष्ट होती, जी आम्ही सभेत उघड बोललो नाही. आमच्या गटातली एक ताई नवऱ्यापासून वेगळी राहते. आपल्या मुलाला कोण केव्हा घेऊन जाईल, याची तिला रोज धास्ती असायची. नियम सगळ्यांसाठी केला, म्हणून तिला एकटीला काही सांगावं लागलं नाही.

आणि ओळखीचं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत काय झालं ते आपण सगळ्यांनी ऐकलं. अगदी लहान वर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाले. आरोपी भिंतीवरून उडी मारून आलेला नव्हता, शाळेतच साफसफाईच्या कामावर ठेवलेला माणूस होता. त्यानंतर शासनाने त्याच महिन्यात आदेश काढला: शाळेत सीसीटीव्ही हवेत, कामावर घेतल्या जाणाऱ्या माणसाची पोलिसांकडून पडताळणी हवी, तक्रारपेटी हवी. त्याच आदेशात असंही आहे की कॅमेऱ्यातलं चित्रण मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा तपासायचं. कॅमेरा बसवून भागत नाही, बघणारं माणूस ठरवावं लागतं, हे आदेश लिहिणाऱ्यालाही कळलेलं आहे. आमच्या ओळखीच्या एका शाळेत कॅमेरे आहेत, पडदाही आहे, पण त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून रुमाल घातलेला असतो. बटण बंद, कारण वीजबिल. चांगले कॅमेरे आहेत हो!

याच आदेशात सखी सावित्री समितीचाही उल्लेख आहे. ही समिती मार्च २०२२ च्या शासननिर्णयाने आली. शाळेतल्या मुलांना, विशेषतः मुलींना, सुरक्षित वाटावं हे तिचं काम. तिच्यात पालक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, ग्रामपंचायतीतल्या महिला सदस्य असतात, विद्यार्थीही असतात. आमच्या गटातली एकजण शाळेत गेली, भिंतीवर रंगवलेली नावं सहज वाचायला लागली, तर त्यात तिचंच नाव! दोन वर्षं ती समितीत होती आणि तिला पत्ता नव्हता. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, मी सदस्य आहे, चहा करा. हसू नका, उद्या तुमच्या शाळेच्या भिंतीवर तुमचं नाव निघेल. शाळा व्यवस्थापन समितीचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया असल्याच पाहिजेत. तिथे बसायचा आपला हक्क आहे. सहीपुरता नव्हे.

आता जरा जपून बोलायची गोष्ट. आपण पोलीस नाही. एखादं मूल आपल्याला काही सांगतं, कुणी नको तिथे हात लावला, कुणी धमकावलं, तेव्हा आपण काय करतो? चार बायांना बोलावतो, मुलीला पुन्हा पुन्हा विचारतो, मग ज्याचं नाव घेतलं त्याच्या घरी जातो, मग गावातले मोठे लोक बसतात आणि मिटवामिटवी होते. मुलीचं शिक्षण सुटतं, माणूस गावात फिरत राहतो. असं करू नका. मूल बोलतंय तेव्हा एकीने ऐकावं, खोदून विचारू नये, "तू तिथे गेलीसच का" हे तर कधीच म्हणू नये. मग लगेच १०९८ ला किंवा ११२ ला फोन करावा. १०९८ मुलांसाठी आहे, पैसे पडत नाहीत.

बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, ज्याला पॉक्सो म्हणतात, २०१२ चा आहे. तो म्हणतो, अशी घटना कळली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं लपवलं, तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. मुलीचा जबाब घरी घेता येतो, होईल तितकं महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो, आणि तो घेताना पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं. तिचं नाव, गाव, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही. गटाच्या व्हॉट्सॲपवरसुद्धा नाही, "सावध राहा" म्हणूनसुद्धा नाही. हे आम्ही जोर देऊन सांगतो, कारण काळजीपोटी बाया हीच चूक करतात.

आणखी एक राहिलं. कुलपाचं.

त्या शनिवारनंतर काही पालक म्हणाले, शाळा चालू असतानाही पुढचं-मागचं दोन्ही फाटकं कुलूप लावून बंद ठेवा. ऐकायला बरं वाटतं. पण आम्ही शाळेत गॅसवर स्वयंपाक करतो. तामिळनाडूतल्या कुंभकोणमला १६ जुलै २००४ ला शाळेच्या स्वयंपाकघरातून आग लागली, झावळ्यांचं छप्पर पेटलं, अरुंद जिन्यावरून मुलांना बाहेर पडता आलं नाही. ९४ मुलं गेली. त्या आगीनंतर एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २००९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, शाळांच्या इमारती सुरक्षित हव्यात, आग विझवायची साधनं हवीत, ती वापरायचं शिक्षण हवं. नऊ वर्षांनी, योगायोग बघा, तारीख तीच, १६ जुलै २०१३, बिहारमध्ये छपऱ्याजवळ एका शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. अन्नात कीटकनाशक गेलेलं होतं. म्हणून मुलांना वाढायच्या आधी मोठ्या माणसाने अन्न चाखायचं असतं. आमच्या दोघी चव घेतात, बाई घेतात, आणि ज्या दिवशी तेलाचा वास वेगळा वाटेल त्या दिवशी पातेलं खाली उतरवायचा अधिकार आमच्या दोघींना आहे, हे आम्ही सभेत सगळ्यांच्या तोंडून वदवून घेतलंय. उपाशी मुलांच्या समोर पातेलं उतरवणं सोपं नसतं, म्हणून आधीच वदवून घेतलं.

तर कुलपाचं असं ठरलं: शाळा चालू असेपर्यंत कुठेही कुलूप नाही. पुढच्या फाटकाला वरच्या अंगाला कडी, लहान मुलाचा हात पोचणार नाही अशी, पण मोठ्या माणसाला एका हाताने उघडता येईल अशी. मागच्या दाराला आतून कडी, आणि त्या दारासमोर लाकडं, पोती, सायकल काही ठेवायचं नाही. सिलिंडर खोलीच्या बाहेर, जाळीच्या पेटीत. जायच्या आधी रेग्युलेटर बंद. वर्षातून दोनदा घंटा वाजवून मुलांना बाहेर काढून बघायचं, किती वेळ लागतो. पहिल्यांदा केलं तेव्हा मुलं पळायच्या ऐवजी ताटल्या घेऊन रांगेत येऊन बसली, त्यांना वाटलं जेवणाची घंटा. आता त्यासाठी शिट्टी वाजवतो.

अजून एक गाठ सुटलेली नाही. मे महिन्यात शाळा लग्नाच्या वऱ्हाडाला देतात. नाही म्हणता येत नाही, गावातल्या गरीब घरच्या लग्नाला दुसरी जागा नाही. चार दिवस फाटक उघडं, वर्गांत माणसं झोपलेली, एक नंबरची किल्ली कुणाच्या हातात आहे ते नवरदेवालाही माहीत नसतं. कुणी म्हणतं, दोन हजार अनामत घ्या. कुणी म्हणतं, कुलूपच बदला दरवर्षी. येत्या ग्रामसभेत हा विषय आहे, आम्ही गटाकडून लेखी दिलाय.

तुमच्या गावात हे कसं करता ते आम्हाला कळवा. बुधवारी दुपारी केंद्रावर फोन करा नाहीतर चिठ्ठी पाठवा. आणि आज संध्याकाळी जमलं तर शाळेवरून एक चक्कर मारा, फाटकाच्या किल्ल्या किती आहेत तेवढं विचारून या. नमस्कार.